वधस्तंभाखालचे चार शिपाई

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, नाटकासाठी रोमन शिपायांचे कपडे मी नऊ वर्षांपासून शिवते आहे. पहिल्या वर्षी मी बारा शिपाई उभे केले होते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची चिलखतं, लाल झगे, डोक्यावर लाल तुरे. नंतर बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान नीट वाचलं. येशूच्या कपड्यांचे चार वाटे झाले, प्रत्येक शिपायाला एक. म्हणजे वधस्तंभापाशी माणसं चार आणि त्यांच्यावर एक शताधिपती. पुढे येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकलं तेव्हाही चार-चार शिपायांच्या चार टोळ्या पहाऱ्यावर होत्या. तुम्हीही चौघेच घ्या. गर्दी कमी झाली की प्रत्येकाचा चेहरा दिसतो.

आता ते कोण होते, हे आधी पोरांना सांगा. पिलात हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन सुभेदार होता, पण त्याच्या हाताखाली रोमन नागरिकांची पलटण नव्हती. त्या पलटणी वर सीरियात असायच्या. त्याच्याकडे साहाय्यक तुकड्या होत्या, त्यातले बरेचसे शिपाई कैसरिया आणि सेबास्ते इथले, म्हणजे त्याच मुलखातले. त्यांना येशूची अरामी भाषा कळत असणार, आपसात ते ग्रीक बोलत असणार. समोर लटकलेला माणूस काय म्हणतो ते त्यांना समजतं. माझ्या मते अभिनयाची किल्ली इथेच आहे.

गेल्या वर्षी एकाने विचारलंच, "काकू, पट्ट्यांचं चिलखत काऊन नाही? तेच तर भारी दिसते!" भारी दिसतं, पण ते या शिपायांचं नाही. यांच्या अंगात कड्यांचं चिलखत हवं. खरं दहा किलोच्या आसपास भरतं, आणि एप्रिलात नागपूरचा पारा ४२ च्या पुढे जातो. म्हणून जाड सुती दोरी मोठ्या सुयांवर सैल विणा, काळ्या रंगात बुडवून वाळवा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग वरवर फिरवा. पाच हातांवरून लोखंडच वाटतं आणि आतून वारा खेळतो.

खालचा अंगरखा गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या मांजरपाटाचा करा. रुंद, गुडघ्याच्या वर, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेला. ढाल चौकोनी नको, लांबट गोल, आणि हातात साधा भाला. शिरस्त्राण कागदाच्या लगद्याचं चालेल, फक्त गालपट्ट्या आणि मानेवरचा पत्रा विसरू नका. तुरा कामावर नको. मनगटावर चामड्याचे पट्टे बांधू नका, ते सिनेमातले आहेत. कमरेचा पट्टा मात्र झकास करा, शिपायाची ओळख तीच. तलवार शिपायाच्या उजव्या बाजूला, शताधिपतीच्या डाव्या. त्याच्या हातात द्राक्षवेलीची काठी द्या, आमच्याकडे मी बाभळीची वाकडी फांदी वापरते. चपलांच्या तळाला खिळे असायचे. मोच्याकडून मारून घ्या, फरशीवर जो आवाज येतो त्याने प्रेक्षक आपोआप गप्प होतात.

सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना बसवा. मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो की शिपाई तिथे बसून पहारा करत राहिले. कुणी नातेवाईक येऊन माणूस खाली उतरवून नेऊ नये, एवढंच त्यांचं काम. तासन्‌तास. त्यांच्यापाशी एक मडकं ठेवा. त्यात आंब, म्हणजे शिपाई रोज पाण्यात मिसळून प्यायचे ती आंबट दारू. तालमीत चौघांना त्यातून खरोखर पाणी पिऊ द्या. मग त्याच मडक्यात स्पंज बुडवून एकजण उठतो, तेव्हा तो येशूला आपल्या वाट्याचं पेय देतो आहे हे प्रेक्षकांना कळतं. येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्यासाठी फासे दाखवायचे असतील तर सारीपाटाचे लांब फासे घेऊ नका, रोमनांचे ठिपक्यांचे चौकोनी असत. तो अंगरखा खरंच बिनशिवणीचा हवा. मी तो अखंड विणून घेतला, पंधरा दिवस लागले.

शेवटी शताधिपतीला पिलाताकडे पाठवा. मार्काच्या शुभवर्तमानात आहे की पिलाताने त्याला बोलावून विचारलं, हा मेला का? अधिकाऱ्याने खात्री दिल्यावरच देह सोपवला गेला. हा प्रसंग बरेचजण कापतात. तुम्ही ठेवा. शताधिपती परत येतो, नुसती मान हलवतो. चौघे उठतात, ढाली उचलतात, वाट्याला आलेले कपडे काखेत मारतात. एकजण मडकं उपडं करतो.