इंग्लंडमध्ये एडीएचडी आणि ऑटिझमची तपासणी : खिशात हात घालण्याआधी

इंग्लंडला यायचा व्हिसा काढताना मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालच्या मुलामागे किंवा विद्यार्थ्यामागे ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) बहुतेकांनी आगाऊ भरलेला असतो. एनएचएसमधली, म्हणजे या सरकारी आरोग्यसेवेतली, एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) किंवा ऑटिझमची (स्वमग्नतेची) तपासणी त्यातच आली, तिचं वेगळं बिल येत नाही. आणि निदान झालं म्हणून कोणाचा व्हिसा रद्द होत नाही. ही भीती आपल्या मंडळींत फार आहे. ‘पीआर हातात पडू दे, मग दाखवू’ म्हणत आईवडील थांबतात आणि मुलाला ज्या वयात सर्वांत जास्त मदत व्हायला हवी तीच वर्षं निघून जातात. कृपा करून थांबू नका.

मात्र एका बाबतीत डोळ्यांत तेल घालून सावध राहा. तुमच्या ई-व्हिसावर पब्लिक फंड्स (ठरावीक सरकारी भत्ते) घेता येणार नाहीत अशी अट असेल (वर्क व्हिसा आणि स्टुडंट व्हिसावर ती असतेच), तर डीएलए (अपंग मुलांसाठीचा भत्ता), पिप (मोठ्यांसाठीचा तसाच भत्ता), केअरर्स अलाउन्स (सांभाळ करणाऱ्याचा भत्ता), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीचा भत्ता) आणि चाइल्ड बेनिफिट यांतलं काहीही मागायचं नाही. शाळेतली सेन्को (जादा मदत लागणाऱ्या मुलांची जबाबदारी असलेली शिक्षिका), हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांची विचारपूस करणारी नर्स), नर्सरीतल्या बाई अगदी मनापासून सांगतील, ‘डीएलएचा फॉर्म भरा, तुमचा हक्क आहे.’ त्यांच्या ओळखीतल्या बहुतेक कुटुंबांना तो असतोही, आणि तुमचा व्हिसा कोणता हे त्यांना माहीत नसतं. फॉर्म भरलात, पैसे घेतलेत, तर तो व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो आणि पुढच्या एक्स्टेंशनच्या किंवा आयएलआरच्या (म्हणजे पीआरच्या, कायम राहण्याच्या परवानगीच्या) अर्जात आडवा येतो. ‘अमक्याला तर मिळतंय’ हे कारण तिथे चालत नाही. अमक्याच्या घरात कोणाकडे तरी आयएलआर किंवा ब्रिटिश पासपोर्ट असतो. तुमचंही मूल ब्रिटिश असेल किंवा नवराबायकोपैकी एकाचं सेटलमेंट झालेलं असेल, तर नियम वेगळे लागू शकतात. पण तेव्हाही आधी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारायचं आणि मग फॉर्मला हात लावायचा.

आयएलआर मिळालं की त्याच आठवड्यात फोन करून डीएलएचा फॉर्म मागवा. फोनवरून मागवला तर मागवल्याची तारीख अर्जाची तारीख धरतात, भरून परत पाठवायला सहा आठवडे मिळतात, आणि मागच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत. निदानाचा कागद नसला तरी अर्ज करता येतो.

एनएचएस, शाळा, शाळेतली जादा मदत, कौन्सिलच्या समाजसेवा खात्याकडून अपंग मुलांना मिळणारी मदत, ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंगचा परवाना) आणि नोकरीतल्यांसाठीची ॲक्सेस टू वर्क ही सरकारी मदत हे पब्लिक फंड्सच्या यादीत नाही. नेमकं हेच मागायला आपली माणसं संकोचतात.

आता रांगेबद्दल. अनेक भागांत एनएचएसची यादी वर्षानुवर्षांची आहे. त्यावरचा उपाय राइट टू चूज, म्हणजे संस्था निवडण्याचा हक्क. मानसिक आरोग्याच्या बाबतीत २०१४ पासून इंग्लंडमध्ये हा कायदेशीर हक्क आहे : जीपीने (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरने) रेफरल, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवणारं पत्र, द्यायला होकार दिला, की कोणत्या संस्थेकडे जायचं हे तुम्ही ठरवायचं. त्या संस्थेचा इंग्लंडमधल्या कुठल्याही भागाशी एनएचएसचा करार असला म्हणजे झालं. खर्च एनएचएसचा. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये हा हक्क नाही, त्यामुळे वेल्समधल्या कार्डिफच्या मैत्रिणीचा सल्ला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये कामाचा नाही आणि उलटही.

जीपीकडे दहा मिनिटं असतात, तेव्हा तयारीने जा. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी एएसआरएस आणि ऑटिझमसाठी एक्यू-१० ही प्रश्नावली भरून न्या. निवडलेल्या संस्थेच्या वेबसाइटवर जीपीसाठी तयार पत्र असतं, तेही छापून सोबत ठेवा. संस्थेला आधीच तीन प्रश्न विचारा : सध्या थांबावं किती लागतं, माझ्या किंवा मुलाच्या वयाचे रुग्ण घेता का, आणि निदानानंतर औषधाचा डोस बसवून देता का. डोस बसवण्याला इथे टायट्रेशन म्हणतात. काही ठिकाणी फक्त निदान होतं आणि टायट्रेशनची दुसरी लांबलचक रांग लागते. रिसेप्शनवर ‘आमच्याकडे असं होत नाही’ असं सांगितलं तर वाद घालू नका. प्रॅक्टिस मॅनेजरला ईमेल करा आणि नकाराचं कारण लेखी मागा. बहुतेक गाठी तिथेच सुटतात.

फॉर्म भरताना आपल्या सवयी नडतात. ‘तसा हुशार आहे’, ‘थोडा चंचल आहे’ असं लिहिलं की तपासणारा पुढचं पान उलटतो. ‘जेवताना दहा मिनिटांत सहा वेळा ताटावरून उठतो’, ‘मोजे बदलले तर अर्धा तास रडते’, असं मोजून लिहा. मुलाच्या वाईट दिवसाचं वर्णन करणं म्हणजे मुलाची बदनामी नव्हे. शाळेचा अभिप्रायही लागतो. घरी येऊन कोसळणारं मूल शाळेत दिवसभर शहाण्यासारखं बसत असेल, तर तेही शिक्षकांना लिहून कळवा.

मोठ्यांच्या एडीएचडीसाठी बाराव्या वर्षाआधीची लक्षणं दाखवावी लागतात. गावच्या कपाटातली जुनी प्रगतिपुस्तकं इथे सोन्याच्या मोलाची. ‘वर्गात बडबड करते’, ‘हुशार आहे पण लक्ष नाही’ अशा शेऱ्यांचे फोटो आईबाबांकडून मागवा आणि खाली इंग्रजीत अर्थ लिहा.

खाजगी तपासणी हा शेवटचा मार्ग ठेवा. तपासणीचं बिल एकदाच येतं. कंबरडं मोडतं ते पुढच्या औषधांनी. खाजगी प्रिस्क्रिप्शनवर औषधाची पूर्ण किंमत, वर दर वेळची डॉक्टरची फी. जीपीने शेअर्ड केअर (तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रिस्क्रिप्शन जीपीने लिहिणं) मान्य केलं तरच ते औषध एनएचएसच्या दरात मिळतं, आणि खाजगी डॉक्टरसोबत ते मान्य करायचं बंधन जीपीवर नाही. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी आपल्या जीपीकडून लेखी उत्तर घ्या. ऑफिसचा आरोग्यविमा असेल तर एचआरला नेमकं विचारा, कारण अनेक पॉलिसींतून ही तपासणी वगळलेली असते.

एनएचएसचं औषध मोठ्यांना २०२४ च्या मेपासून दर वेळी ९.९० पौंडांना पडतं. मिथाइलफेनिडेटसारखं नियंत्रित औषध सहसा एका वेळी तीस दिवसांचंच देतात, म्हणजे वर्षात किमान बारा वेळा, ११८.८० पौंड. वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (सगळ्या प्रिस्क्रिप्शनचे पैसे एकदाच आगाऊ भरण्याची सोय) ११४.५० पौंडांचं आहे आणि त्यात बाकीची औषधंही येतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना औषध मोफत.

शाळेतल्या मदतीसाठी निदानाची वाट पाहायची गरज नाही. आधी सेन्कोला भेटा. एका मुलावर वर्षाला पहिले ६,००० पौंडांपर्यंत जादा खर्च शाळेने स्वतःच्या बजेटमधून करावा अशी रचना आहे, तेव्हा ‘फंडिंग नाही’ हे उत्तर पहिल्या भेटीत ऐकून परतू नका. तेवढ्याने भागत नसेल तर २०१४ च्या कायद्यानुसार ईएचसीपीच्या (मुलाला कोणती जादा मदत द्यायची ते कायद्याने बांधून देणाऱ्या प्लॅनच्या) तपासणीची मागणी आईवडील थेट कौन्सिलकडे करू शकतात. शाळेची परवानगी लागत नाही, फी नाही. कौन्सिलने सहा आठवड्यांत होय-नाही सांगायचं आणि प्लॅन मंजूर झाला तर सगळं वीस आठवड्यांत संपवायचं. तपासणी मान्य झाली की एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टचा अहवाल कौन्सिलनेच मिळवायचा असतो, म्हणून त्यासाठी आधीच शेकडो पौंड घालवू नका. नकार आला तर ट्रिब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) दाद मागता येते, तीही फुकट. मुदत पत्रावरच्या तारखेपासून दोन महिने, किंवा मध्यस्थीचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून एक महिना, यांतली जी नंतर संपेल ती. पत्राचे नमुने इप्सी (IPSEA) या संस्थेच्या वेबसाइटवर आहेत आणि प्रत्येक कौन्सिलच्या भागात सेंडियास (SENDIASS) ही मोफत सल्लासेवा असते.

कोणी सांगितलं की दोन भाषांमुळे मूल गोंधळलंय, घरात मराठी बंद करा, तर ऐकू नका. दोन भाषांनी ऑटिझम होत नाही, आणि आजीशी बोलण्याची वाट मात्र बंद होते.

नोकरीत असाल तर ॲक्सेस टू वर्कमधून कोचिंग आणि सॉफ्टवेअरचा खर्च मिळू शकतो, तपासणीचा नाही. नव्या नोकरीच्या पहिल्या सहा आठवड्यांत अर्ज करा म्हणजे कंपनीवर खर्चाचा वाटा येत नाही. मंजुरीचं पत्र येण्याआधी काही विकत घेतलंत तर ते पैसे गेले. परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी डीएसए (अपंग विद्यार्थ्यांचा भत्ता) मिळत नाही. त्यांनी विद्यापीठाच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसला तपासणीसाठी काही निधी आहे का ते विचारावं.

घर बदलताना जपा. जीपी बदलला आणि भाग बदलला की मुलाचा रांगेतला नंबर पुन्हा शेवटी जाऊ शकतो. निघण्याआधी मूळ रेफरलच्या तारखेचं पत्र घ्या आणि तीच तारीख धरावी अशी विनंती नव्या ठिकाणी लेखी करा. भारतातून एडीएचडीचं नियंत्रित औषध आणणार असाल तर तीन महिन्यांपेक्षा कमी आणा. सोबत डॉक्टरचं सहीचं इंग्रजी पत्र ठेवा आणि त्यात नाव, प्रवासाच्या तारखा, औषध, डोस आणि एकूण गोळ्या लिहून घ्या.