नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी रिझोल्यूशन उतरवून बघा

गेम अडखळतोय म्हणून महागडं कार्ड आणलं आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) होते तेवढेच राहिले, असं बऱ्याचदा होतं. गाडी अडलेली असते प्रोसेसरपाशी. खरेदीआधीच हे असं तपासा:

१. गेममध्ये व्ही-सिंक (एफपीएस स्क्रीनच्या वेगाशी बांधणारं सेटिंग), फ्रेमची मर्यादा आणि डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सेटिंग) बंद करा. हे चालू ठेवलं तर चाचणीला अर्थच नाही.
२. विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबून गेम बार उघडा, परफॉर्मन्सची चौकट पिन करा.
३. गर्दीच्या एकाच जागी उभं राहून १०८०पी वर एफपीएस टिपा. मग बाकी काही न बदलता ७२०पी करा.

आकडा चांगलाच वाढला तर कार्ड कमी पडतंय. जेमतेम हलला तर प्रोसेसर किंवा रॅम. प्रोसेसरचा वापर ४० टक्केच दिसतो म्हणून फसू नका. ती प्रोसेसरच्या सगळ्या कोअरची, म्हणजे आतल्या स्वतंत्र भागांची सरासरी, एखादा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो.

मग आधी फुकटचा उपाय. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड पाहा. ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत असेल तर बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा. चार स्लॉटच्या बोर्डवर रॅमच्या दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात; मॅन्युअल बघून घ्या.

एक्सएमपीनंतर पीसी सुरूच झाला नाही, तर प्लग काढून बोर्डवरचा गोल सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं.