पोलीस प्रशिक्षण कोर्स: नाव कसं नोंदवावं, हजेरी कशी सांभाळावी

कोर्सला नाव लागलं की अर्धं काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचं घोडं हजेरीवर अडतं आणि प्रमाणपत्र हुकतं. म्हणून अर्ज भरण्याआधी ड्यूटीचा तक्ता आणि साक्षीच्या तारखा समोर घेऊन बसा. कोर्सच्या दिवसांत कोर्टाची तारीख पडत असेल, तर पुढच्या तुकडीसाठी अर्ज केलेला बरा.

मग परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. हुद्दा, सेवेची वर्षं, आधी पूर्ण केलेला पायाभूत कोर्स अशा अटी बहुधा शेवटीच असतात. शस्त्र किंवा शारीरिक सरावाचा कोर्स असेल, तर वैद्यकीय दाखला किती दिवसांपूर्वीचा चालतो तेही बघा.

अर्ज वरिष्ठांमार्फतच द्या. नाव सेवा नोंदीत जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा. शेवटची तारीख ही बहुतेकदा अर्ज संस्थेत पोचण्याची असते, तुमच्या ठाण्यातून निघण्याची नव्हे. कागद मध्ये दोन-तीन टेबलांवर थांबणारच, तेवढे दिवस हाताशी ठेवा. आवक-जावक क्रमांक टिपून घ्या आणि मधूनमधून विचारत राहा.

निवडीचं पत्र आल्याशिवाय निघू नका. प्रतीक्षा यादीत नाव असणं म्हणजे जागा मिळणं नाही. जाणं रद्द झालं तर लगेच लेखी कळवा. ऐनवेळी रिकामी राहिलेली खुर्ची म्हणजे दुसऱ्या एका अधिकाऱ्याचं प्रशिक्षण बुडणं. आपल्या जागी परस्पर सहकाऱ्याला पाठवू नका. त्याचीही पात्रता तपासली जायला हवी.

आता हजेरी. उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८८ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीचा कोर्स घ्या. मानसिक संकटात सापडलेल्या माणसाशी कसं बोलावं, कसं वागावं, हे त्यात ४० तास शिकवतात. त्यातले ४ तास बुडाले तर कागदावर १० टक्केच गैरहजेरी दिसते. पण नेमके प्रसंग उभे करून सराव घेण्याचेच ते ४ तास असले तर? आत्महत्येच्या टोकाला आलेल्या माणसासमोर उभं राहायची तयारी त्या सरावातच होते, ती टिपणं वाचून भरून निघत नाही. म्हणून नियमात किती टक्के हजेरी लागते एवढंच पाहून थांबू नका. कोणती सत्रं सक्तीची आहेत, हे पहिल्याच दिवशी समन्वयकाला विचारा.

सही प्रत्येक सत्राला करा, जेवणानंतरची विसरू नका. आणि दुसऱ्याच्या नावापुढे सही कधीही करू नका, मैत्रीखातरसुद्धा नाही. ती खोटी नोंद ठरते. उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुमच्या शब्दावर कुणाचा न्याय अवलंबून असेल, तेव्हा तुमच्यावरचा विश्वास उडवायला अशी एक सही उलटतपासणीत पुरेशी होते.

कोर्स चालू असताना समन्स आलं तर त्याच दिवशी त्याची प्रत समन्वयकाला द्या, सरकारी वकिलांनाही कळवा. तारीख बदलून मिळू शकते, पण ती बदलेल असं गृहीत धरून कोर्टात गैरहजर राहू नका. बंदोबस्तासाठी परत बोलावलं तर आदेश लेखी घ्या, निदान संदेश तरी जपून ठेवा. जायची परवानगी मिळाली म्हणजे तास भरले, असं मात्र नसतं. राहिलेलं सत्र पुढच्या तुकडीत बसून पूर्ण करता येईल का, हे निघण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आजारपणालाही हेच लागू. तपासणीचा कागद त्याच दिवसाचा हवा. ताप असताना गोळीबाराच्या मैदानावर उभं राहण्याचा हट्ट करू नका, शेजारच्यांच्याही जिवाचा प्रश्न असतो.

प्रमाणपत्र मिळालं की नाव, तारखा आणि एकूण तास तिथेच तपासा, कारण संस्था सोडल्यावर दुरुस्तीला फार वेळ जातो. परत हजर झाल्यावर सेवा नोंदीत कोर्स चढवून घ्या आणि त्या पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढच्या कोर्सच्या अर्जाला तीच जोडायची असते.