बँकेचं एमडीपद हवं असेल तर सुरुवात कर्ज विभागापासून करा

आधी वयाचं गणित मांडा. राष्ट्रीयीकृत बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून लागलात की स्केल एक, म्हणजे अधिकाऱ्यांची पहिली श्रेणी; जनरल मॅनेजर झालात की स्केल सात. त्याच्यावर कार्यकारी संचालक, मग एमडी (व्यवस्थापकीय संचालक) आणि सीईओ, आणि साठाव्या वर्षी निवृत्ती. अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये स्टेट बँकेत पीओ म्हणून लागल्या आणि २०१३ मध्ये अध्यक्ष झाल्या. एवढा पल्ला गाठायचा तर एकही बढती सहज सोडून चालत नाही. 'बदली नको, पुण्यातच राहू दे' म्हणून जी बढती नाकाराल, तिची किंमत पन्नाशीत कळते. घरात हे आधीच बोलून घ्या, लग्न ठरण्यापूर्वीच बोललात तर उत्तम.

दुसरी वाट खाजगी बँकेची. तिथे एमडी नेमायला रिझर्व्ह बँकेची आधी मंजुरी लागते. २०२१ पासून एका व्यक्तीला त्या पदावर सलग जास्तीत जास्त १५ वर्षं राहता येतं आणि वयाची मर्यादा ७० आहे. आदित्य पुरी १९९४ ते २०२० एचडीएफसी बँकेचे प्रमुख होते. तसा कार्यकाळ आता कुणाला मिळायचा नाही. मला हा नियम योग्यच वाटतो.

तिसरी वाट नागरी सहकारी बँकांची, आणि पुण्यातल्या मुलामुलींनी तिच्याकडे दुय्यम म्हणून पाहू नये असं मला मनापासून वाटतं. कॉसमॉस बँक १९०६ सालची आहे, बँक ऑफ महाराष्ट्रच्याही आधीची. मी स्वतः राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाल्यावर अशाच एका बँकेची मुख्य कार्यकारी होते. पूर्वी या पदासाठी संचालकांच्या ओळखीवर बरंच काही चालायचं. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पात्रता ठरवून दिली: वय ३५ ते ७०, पदवी, शक्यतो तिच्याबरोबर सीएआयआयबीसारखी (ही बँक अधिकाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा) पात्रता किंवा पदव्युत्तर शिक्षण, आणि मधल्या किंवा वरच्या फळीतला किमान आठ वर्षांचा अनुभव. नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची. म्हणजे स्केल तीन-चारचा चांगला अधिकारी चाळिशीतही इथे अर्ज करू शकतो. जेएआयआयबी (सीएआयआयबीच्या आधीची परीक्षा) आणि सीएआयआयबी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच उरकून टाका, मुलं शाळेत जायला लागल्यावर अभ्यास होत नाही.

आता खरं काम. शाखेत रुजू झालात की कर्ज विभागाचं काम मागून घ्या. कॅश, ठेवी, लॉकर सगळं यायला हवं, पण बँक बुडते ती कर्जात, आणि ज्याला कर्ज कळत नाही त्याला एमडीच्या खुर्चीत हाताखालचे लोक सहज फिरवतात.

कर्ज कसं शिकायचं? भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घ्या. ५० लाखांची कॅश क्रेडिट लिमिट आहे, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचल करायची मर्यादा. महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) आलं, त्यात माल ८० लाखांचा. नवखा अधिकारी खूश होतो. तुम्ही विचारा, यातला उधारीचा माल किती? ३० लाख. म्हणजे पैसे दिलेला माल ५० लाखांचाच. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे त्याचा स्वतःचा वाटा, वजा केलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, येते साडेसदतीस लाख. लिमिट ५० लाखांची असली तरी त्याला उचल तेवढीच द्यायची. हे झालं कागदावरचं. नंतर न सांगता तिथे जा. रॅकवरच्या मालावर धूळ किती आहे ते बघा; धूळ बसलेला माल विकला जात नाही, तो स्टेटमेंटमध्ये मात्र दर महिन्याला पूर्ण किमतीने येतो. विजेचं बिल मागा. विक्री दीडपट दाखवलीय आणि युनिट तेवढीच, तर कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या पाळीतल्या कामगाराला पगार कधी होतो ते सहज विचारा. तो काय सांगतो यावरून मला ताळेबंदापेक्षा जास्त कळत आलंय.

अशी खाती वर्षानुवर्षं पाहिलीत की पुढे एमडी म्हणून एसएमएची (हप्ते थकू लागलेल्या खात्यांची) यादी वाचताना आकड्यांमागची माणसं दिसतात. हप्ता ६० दिवसांच्या वर थकला की खातं एसएमए-२ मध्ये जातं, ९० दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे बुडीत होऊ घातलेलं कर्ज. त्या मधल्या महिन्यात फोन केला तर निम्मी खाती सावरतात असा माझा अनुभव आहे. नंतर वसुली, जप्ती, लिलाव, आणि कुणाचंच भलं होत नाही.

ग्रामीण शाखा टाळू नका. ट्रेझरीत (बँकेचा पैसा गुंतवणारा विभाग) आणि इन्स्पेक्शनमध्ये (शाखांची तपासणी) प्रत्येकी थोडी वर्षं काढा. कोंढव्याच्या एनआयबीएममध्ये (बँक अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था) ट्रेनिंगला पाठवलं तर वर्गातल्यापेक्षा जेवणाच्या वेळी दुसऱ्या बँकांच्या अधिकाऱ्यांशी बोला.

सगळ्यात अवघड भाग संचालक मंडळाचा, आणि त्याचं ट्रेनिंग कुठेच मिळत नाही. सहकारी बँकेत संचालकांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देता येत नाही, ठेव तारणासारखे मोजके अपवाद सोडले तर. त्यामुळे शब्द टाकला जातो तो मित्रासाठी, व्याह्यांच्या भागीदारासाठी. फोन रविवारी सकाळी येतो आणि फार गोड असतो. अशा वेळी फोनवर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. "साहेब, प्रपोजल शाखेतून येऊ दे, मी स्वतः वाचते," एवढंच बोला, आणि खरोखर वाचा. नाकारायचं असेल तर कारण आकड्यांत लिहा: उधारी किती दिवसांची, तारणाचं मूल्यांकन कुणी केलं, जामीनदाराची आणखी कुठे देणी आहेत. 'योग्य वाटत नाही' असं लिहिलेली टिपणी सभेत दोन मिनिटांत उडते, आकडे खोडायला कुणालातरी उलटे आकडे आणावे लागतात. मंडळाने तरीही मंजूर केलं, तर तुमची टिपणी इतिवृत्तात शब्दशः आली आहे का ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी तपासा, आणि तिची सही-शिक्क्याची प्रत कर्जाच्या फाइलमध्ये लावून घ्या. रिझर्व्ह बँकेचे तपासणी अधिकारी ती फाइल उघडतातच.