जपानी पाहुण्याचे आभार कसे मानावेत

समजा, नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात जपानी अभियंता मशीन बसवायला आला, आठवडाभर राबला, आणि निरोप देताना सगळ्यांनी त्याला नुसतं "अरिगातोऽ" म्हटलं. हेतू चांगला, पण शब्द तोकडा पडतो. एकटं "अरिगातोऽ" मित्राला, धाकट्याला, घरच्यांना म्हणायचं. आपण वडीलधाऱ्या पाहुण्याला 'तू' म्हणत नाही, तसंच हे. पाहुण्याला, ग्राहकाला, वरिष्ठाला कायम "अरिगातोऽ गोजाइमास". नुसतं तुटक "दोऽमो", म्हणजे आपलं 'थँक्स', तेसुद्धा अशा ठिकाणी टाळा.

आधी उच्चार पक्का करा. गोजाइमासमधला ज 'जागा'तला, 'जीव'मधला नव्हे. शेवटचं अक्षर लिहितात 'सु', पण त्यातला उ जवळजवळ ऐकू येत नाही. अरिगातोऽ म्हणजे पाच सारख्या मात्रा: अ, रि, गा, तो, ओ. 'गा'चा स्वर आपल्या आ सारखा, पण लांबी अ एवढीच. उलट शेवटचा ओ दुप्पट लांब. मराठी माणसाचं नेमकं उलटं होतं: 'गा' ताणला जातो आणि 'तो' तुटतो. सूर 'रि'वर चढवायचा आणि 'गा'पासून उतरवायचा. या शब्दाचं मूळ 'असणं कठीण', म्हणजे आपल्या 'दुर्लभ'च्या जवळचं. तो पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला असं बरेचदा सांगितलं जातं. ते खरं नाही, कारण पोर्तुगीज जपानला पोहोचले १५४३ मध्ये आणि हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.

काळही सांभाळा. भेटवस्तू हातात पडली, चहा समोर आला, की "गोजाइमास". काम संपलं, प्रशिक्षण आटोपलं, पाहुणा गाडीत बसतोय, की "गोजाइमाश्ता". निरोपाच्या वेळी वर्तमानकाळ वापरल्याने कुणी रागावत नाही, पण भूतकाळातून 'तुम्ही केलंत ते पूर्ण पोहोचलं' असं कळतं.

कशाबद्दल आभार, हे जोडायचं असेल तर मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. 'मशीन दुरुस्त केलंत' आणि 'मशीन दुरुस्त करून दिलंत' यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. जपानीतही क्रियापदानंतर असंच 'देणं' येतं: "नाओश्ते कुदासात्ते अरिगातोऽ गोजाइमास", म्हणजे दुरुस्त करून दिल्याबद्दल. तसंच "ओशिएते कुदासात्ते", शिकवल्याबद्दल; "किते कुदासात्ते", आल्याबद्दल. शिकणारे हे 'कुदासात्ते' गाळतात. मग काम झालं एवढंच वाक्यात उरतं आणि ते आपल्यासाठी झालं, हे हरवतं.

आता "सुमिमासेन". पुस्तकात याचा अर्थ 'माफ करा' असा दिलेला असतो, म्हणून जपानी माणूस आभाराच्या जागी हा शब्द वापरतो तेव्हा आपण गोंधळतो. शब्दशः त्याचा अर्थ 'संपत नाही, फिटत नाही'. गंगापूर रोडवरच्या एखाद्या घरी पाहुणे मिठाईचा पुडा घेऊन येतात तेव्हा घरातल्या काकू म्हणतात, "अहो, कशाला एवढा त्रास घेतलात!" ही तक्रार नसते, माफीही नसते, समोरच्याने झीज सोसली हे आपल्या लक्षात आलंय, याची ती पावती असते. सुमिमासेन तेच करतं. कुणी लिफ्टचा दरवाजा धरून ठेवला, पडलेलं पेन उचलून दिलं, तुमच्यासाठी खुर्ची ओढून आणली, तर सुमिमासेन बरोबर बसतं. त्रास मोठा असेल तर दोन्ही जोडा: "सुमिमासेन, अरिगातोऽ गोजाइमास". मात्र कुणी कौतुक केलं, बढतीबद्दल अभिनंदन केलं, तर तिथे सुमिमासेन नको. त्याने त्रास घेतलेला नाही, आनंद वाटून घेतलाय. तिथे अरिगातोऽच.

"ओत्सुकारेसामा देस", म्हणजे 'दमलात, कष्ट घेतलेत', हे बरोबर राबलेल्या सहकाऱ्याला म्हणतात. त्यातला 'त्सु' म्हणायला 'चूल'मधला च जिभेवर आहेच. "गोकुरोऽसामा"चा अर्थ तसाच वाटतो, पण तो वरिष्ठाने हाताखालच्याला म्हणायचा शब्द आहे. पाहुण्याला तो चुकूनही म्हणू नका.

वाकण्याचे कोन तीन: येताजाता १५ अंश, रीतसर आभाराला ३०, फार मोठ्या उपकाराला ४५. आधी वाक्य पूर्ण बोला, मग वाका; बोलत वाकलात तर शब्द जमिनीकडे जातात. कमरेतून वाका, मान आणि पाठ एका रेषेत ठेवा. श्वास घेत खाली, सोडेपर्यंत थांबा, पुन्हा श्वास घेत वर. पुरुषांचे हात मांड्यांच्या बाजूला, बायकांचे समोर एकावर एक. हात जोडण्याची सवय इथे आवरा: जपानमध्ये तळवे जोडतात ते देवळात आणि जेवताना. हस्तांदोलन आणि वाकणं एकदम केलं तर डोकी आपटतात.

जेवणाआधी "इतादाकिमास", म्हणजे 'नम्रपणे स्वीकारतो', जेवल्यावर "गोचिसोऽसामा देश्ता". दुसऱ्यातल्या 'चिसोऽ'चा अर्थ धावपळ. पाहुण्यासाठी केलेली धावाधाव. आपल्या 'अन्नदाता सुखी भव'च्या अगदी शेजारचा भाव.

निरोपाला भेट द्यायची तर नाशिकचा चिवडा किंवा बेदाणे उत्तम, पण किलोभराची एक पिशवी नको. जपानी माणूस गावाहून आणलेलं ऑफिसात वाटतो, म्हणून छोटी, स्वतंत्र बंद पाकिटं घ्या आणि तिखट कमी सांगा. संख्या चार किंवा नऊ नसावी: चारचा 'शि' मृत्यूसारखा ऐकू येतो, नऊचा 'कु' यातनेसारखा. ताजी द्राक्षं मोह झाला तरी देऊ नका, जपानच्या विमानतळावर वनस्पती तपासणीत अडकतील. भेट कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी, "कोकोरो बाकारि देस गा" म्हणत द्या. अर्थ, 'अगदी मनापासूनचं, थोडकंच'. त्याने लगेच उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला भेट मिळाली तर "आकेते मो इइ देस का", उघडू का, असं विचारून उघडा. लग्न, बाळंतपण, आजारपणातल्या भेटीची परतफेड साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या किमतीपर्यंत करतात. बरोबरीची किंवा भारी परत दिली तर हिशेब मिटवून टाकल्यासारखं वाटतं.

आपल्याकडची खरी चूक यानंतर होते. आपण एकदा आभार मानले की विषय संपला असं धरतो. जपानी माणूस पुढच्या भेटीत पुन्हा मानतो, आणि तुमच्याकडूनही तीच अपेक्षा ठेवतो. त्या संध्याकाळीच मेल पाठवा: विषयात "ओरेइ" म्हणजे आभार हा शब्द, नावापुढे आदराचं 'सामा', पहिली ओळ "ओसेवा नि नात्ते ओरिमास", म्हणजे 'तुमचं सहकार्य लाभतंय', मग त्यांनी केलेली एक नेमकी गोष्ट नावानिशी. जपान साडेतीन तास पुढे आहे, म्हणून नाशिकला सहाला पाठवलेली मेल तिथे साडेनऊला पोहोचते आणि सकाळी कामाला बसताच वाचली जाते. पुढे पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल असेल तर मशीनचा विषय काढण्याआधी पहिलं वाक्य हे ठेवा: "सेन्जित्सु वा अरिगातोऽ गोजाइमाश्ता", त्या दिवशीबद्दल आभारी आहे.