थेम्सचं एचिंग ओरिजिनल आहे का, कसं बघायचं
विल्यम लायनेल वायली (१८५१-१९३१) या इंग्रज चित्रकाराचं लंडनच्या थेम्स नदीवरचं एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून कागदावर काढलेला छाप) हाती लागलं तर लगेच सहीकडे धावू नका, आधी कागद उजेडात तिरका धरा, चित्राभोवती प्लेट दाबल्याची चौकट उमटलेली दिसायला हवी. मग भिंग घ्या. बार्जच्या (मालवाहू होडीच्या) शिडाचे दोर, टगचा (जहाजं ओढणाऱ्या बोटीचा) धूर, पाण्यावरची थरथर, सगळं सलग रेषांतून आलेलं असतं, एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली की समजा नंतरची छापील कॉपी आहे. पेन्सिलची सही खालच्या मार्जिनमध्ये बघा. तारीख नसेल तर पूल शोधा, थेम्सवरचा टॉवर ब्रिज १८९४ ला उघडला, त्यामुळे पूर्ण झालेला पूल दिसत असेल तर चित्र साधारण तेव्हाचं किंवा नंतरचं (नसला म्हणून आधीचंच असं मात्र नाही हं!).