मोठी संख्या समोर आली की आधी काय बघायचं?

गणित ऑलिंपियाडची तयारी सुरू केलेली मुलं मोठी संख्या दिसली रे दिसली की भागायला बसतात. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे ही सवय महागात पडते. म्हणून नवीन मुलांना मी पहिल्यांदा १२,३४,५६,७८९ ही संख्या देतो आणि सांगतो, पाडा हिचे अवयव.

अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जाणार. इथवर सगळे येतात. उरले १,३७,१७,४२१. आता ७, ११ आणि १३ या तिघांना एकाच फटक्यात तपासता येतं, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे (इथे आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम विसरा): ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. तिघेही बाद.

यापुढे १७, १९, २३ करत गेलात तर जवळजवळ पाचशे मूळ संख्या तपासाव्या लागतील. इथेच थांबून वर्गमूळ बघा. ते ३७०३ च्या थोडं पुढे आहे, म्हणून ३७०४ चा वर्ग घ्या आणि त्यातून आपली संख्या वजा करा. उरलेली संख्याही पूर्ण वर्ग निघाली, तर अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) या सूत्राने अवयव लगेच मिळतात. उरतात २१९५. शेवटी ५ असलेला पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, तेव्हा हा वर्ग नव्हे. आता ३७०५ घ्या: १,३७,२७,०२५ − १,३७,१७,४२१ = ९६०४, आणि हा ९८ चा वर्ग! म्हणजे अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ. मूळ संख्येचे, म्हणजे ३² × ३६०७ × ३८०३ चे, विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: ३ × २ × २ = १२.

ही युक्ती सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची. अवयव एकमेकांच्या जवळ असले की ती झटपट लागू पडते. इंटरनेटवरचं आरएसए गुप्तलेखन दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभं असतं; त्या दोन संख्या फार जवळच्या घेत नाहीत, त्यामागे हेच कारण.

पण तिच्यावरच विसंबू नका. ९८,७६,५४,३२१ घ्या. ९ ने भागल्यावर उरतात १०,९७,३९,३६९. इथे फर्माच्या वाटेने गेलात तर पावणेदोन लाखांहून जास्त वेळा वर्ग तपासावे लागतील. साधा भागाकार मात्र १७ लाच यश देतो, तेही दोनदा. उरते ३,७९,७२१. माझा शिरस्ता असा: लहान मूळ संख्या शंभरपर्यंत तपासायच्या, मग वर्गमुळाजवळ चार-पाच प्रयत्न करायचे, आणि नाहीच जमलं तर प्रश्न पुन्हा वाचायचा.

कारण बरेचदा प्रश्नात अवयव मागितलेलेच नसतात. १२,३४,५६,७८९ आणि ९८,७६,५४,३२१ यांचा मसावि विचारला तर? मोठीला लहानीने भागा: भागाकार ८, बाकी ९. लहानीला ९ ने भाग जातो हे आधीच कळलंय. मसावि ९. ३६०७ ची गरजच पडली नाही.

३,७९,७२१ मूळ आहे. ते स्वतः सिद्ध करून बघा. ६१३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं.